आधी प्रश्न, मग उत्तर

"सरांइतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कुणीच ऐकलेलं नाही," वकील माइकवर म्हणाला. "न्यायाधीशांनीसुद्धा नाही."

सभागृह हसलं. पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नीने मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

सरांना जाऊन महिना होत आला होता. शोकसभा शाळेतच ठेवली होती. व्यासपीठावर सरांचा फोटो, आणि त्याच्या शेजारी काठीवर हनुवटी टेकून बसलेले जुने मुख्याध्यापक. वकिलानंतर औषधाच्या दुकानाचा मालक बोलला, मग एक परिचारिका. या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी फिरून फिरून एकाच जागी येत होत्या. सर मान कलती करून ऐकायचे. चेहऱ्यावरची नजर हलू द्यायचे नाहीत. पुटपुटणाऱ्याला पुढे बोलवायचे. आणि त्यांचा तो नियम : आधी प्रश्न मोठ्याने म्हणायचा, मग उत्तर द्यायचं.

"आई, आता तरी सांगून टाक," लेक कानाशी कुजबुजली. "आता कोण त्यांना नोकरीवरून काढणार आहे?"

"शब्द दिलाय मी त्यांना!"

मागच्या दोन रांगांनी माना वर केल्या.

"आई, हळू."

हळू बोलणं बाईंना जमतच नसे. धाकटी लेक चालायला लागली त्या सुमाराला सरांचा डावा कान पार गेला होता, उजवा अर्ध्यावर आला होता. घरात दोन मुली, अंथरुणाला खिळलेले वडील, पगार एकट्याचा. बहिरा मास्तर कोण ठेवून घेणार? यंत्र लावलं तर दिसलं असतं, म्हणून यंत्रही नाही. मग घराने जो आवाज चढवला, तो कायमचाच. मास्तरांकडे सारखी भांडणं चालतात, असं शेजारी समजत. संध्याकाळी सर भाजी चिरायला बायकोच्या समोर बसत, म्हणजे तिचे ओठ दिसत. फिरायला जाताना तिला नेहमी उजव्या हाताला घेत. बघणारे म्हणत, नवरा असावा तर असा. तो होताही तसाच. तरी बाईंना हसू येई.

सरांना धास्ती होती ती तपासणीची. तपासणीला येणारे साहेब वर्गाच्या मागे उभे राहून प्रश्न विचारत. अशाच एका तपासणीच्या दिवशी सर घरी आले ते हवेत तरंगतच. "निभावलं! माझी शिस्त कामाला आली. एक आगाऊ पोरगी तेवढी न विचारता मध्येच उठली. केली तिला वर्गाबाहेर उभी."

आज कुणाला कळलं असतं, तर इतक्या वर्षांचं ते लक्ष देऊन ऐकणं म्हणजे नुसता बहिरेपणा ठरला असता. कौतुकाची कीव झाली असती. बाईंना तेच नको होतं. त्यांना बोलायला बोलावलं तेव्हा त्या उठल्या, "तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं," एवढंच म्हणाल्या आणि बसल्या. माइक कुणी पुढे केलाच नाही. गरजही पडली नाही.

सभा संपल्यावर लोक भेटायला आले. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणारी एकजण पुढे झाली. आवाज घोषणेचाच.

"काकू, मला ओळखणार नाही तुम्ही. तपासणीच्या दिवशी सरांनी बाहेर काढली ना, ती मी."

"ती आगाऊ?"

"तीच!"

"मग न विचारता मध्येच कशाला उठलीस गं?"

तिने व्यासपीठाकडे पाहिलं. मुख्याध्यापक लेकाचा हात धरून पायऱ्या उतरत होते. ते दाराबाहेर जाईपर्यंत ती थांबली.

"काकू, साहेबांनी तो प्रश्न सरांनाच विचारला होता. मागून. दोनदा. सर आपले फळा पुसत होते. मग मी उठले आणि जणू मलाच विचारलाय असा प्रश्न मोठ्याने म्हटला. उत्तरही देऊन टाकलं."

बाईंनी लेकीचा हात धरला. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला एकटीला? सगळ्या वर्गाला! वरची मुलं जाताना खालच्यांना सांगून जायची. सरांच्या समोर उभं राहायचं, तोंड उजेडाकडे ठेवायचं, बाहेर चकार शब्द काढायचा नाही."

"आणि आजची ही भाषणं?"

"मुख्याध्यापक बसले होते ना समोर!" ती हसली. मग तिने डोळे पुसले. "पण खोटं कुणी बोललं नाही हं, काकू. आम्ही बोलायला लागलो की सर हातातलं सगळं खाली ठेवायचे. असं दुसरं कोण करतं?"

तिच्यामागे वकील, दुकानदार, परिचारिका येऊन उभे राहिले होते. तिने आजूबाजूला पाहिलं आणि अगदी जवळ आली.

"एकच विचारायचं होतं. आम्हाला माहीत होतं, हे सरांना कधी कळलं तर नाही ना?"

कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी आवाज खाली आणला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मलाही नाही."