तीन झाडं
उन्नतीच्या अहवालावरून हिमाचलातली चाळीस फरची झाडं बुरशीमुळे रोगट ठरली आणि ती तोडायचा हुकूम निघाला. ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेत तिने त्यांची पिवळी पडलेली पानं पुन्हा तपासली, तर बुरशी कुठेच नव्हती. फक्त मॅग्नेशियम कमी होतं. तिने तिथल्या वनरक्षकाला फोन लावला. "भैयाजी, कटाई रुकवा दीजिए. गलती मेरी है." "मैडम, तीन तो सुबह ही कट गए." दौलतगंजातल्या घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "सदतीस वाचली ना, बेटा? मग त्या तिन्हींबद्दल कशाला लिहायचं? नोकरी अजून पक्की नाही तुझी." उन्नतीने त्यांच्यासमोरच नवा अहवाल सुरू केला: 'माझ्या चुकीच्या निदानामुळे तीन निरोगी झाडं तोडली गेली.' बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "'निरोगी' नको," ते म्हणाले. "'अशक्त होती, पण जगली असती', असं लिही."