फ्रायबुर्गचा पाट

"डावीकडून येतोय," लेनार्ट म्हणाला, आणि युनुस लगेच बाईंच्या डाव्या अंगाला सरकला.

येत होता तो पाट. फ्रायबुर्गच्या जुन्या गल्ल्यांतून हे वीतभर खोल पाट रस्त्याच्या कडेने खळखळत असतात. त्यांना कठडा नाही. चुकून ज्याचा पाय त्यात पडतो त्याचं लग्न फ्रायबुर्गच्याच माणसाशी होतं. मुद्दाम घातलेला पाय धरत नाहीत.

दूरच्या हाइलब्रोन शहरातून एका दिवसाच्या सहलीला आलेल्या अकरावीच्या वर्गाला हे लेनार्टने बसमध्येच समजावलं होतं. हेगेलेबाई तेव्हा पुढच्या सीटवर घोरत होत्या.

बाई गणित शिकवायच्या, आणि त्यांनी शिकवलेलं समजायचं. मात्र त्यांचा मागच्या वर्षी घटस्फोट झाला होता, आणि त्या चालताना कायम वर बघायच्या. लेनार्टच्या मते ही दोन्ही लक्षणं वाईट होती.

"बाईंना तिथला कुणी मिळाला आणि त्या तिकडेच राहिल्या, तर बारावीला आपल्याला गणिताला कोण?" त्याने विचारलं होतं.

"त्स्विंगमन सर," रोझाली म्हणाली.

त्स्विंगमन सरांनी एकदा नमुना उत्तरपत्रिका स्वतः लिहून, स्वतः तपासून, स्वतःला नापास केलं होतं असं शाळेत बोललं जायचं.

म्हणून हा बंदोबस्त. पुढे लेनार्ट, पाटाच्या बाजूला युनुस, कारण तो हँडबॉलचा गोलकीपर होता. बाईंची नजर खाली ठेवायचं काम रोझालीकडे.

"बाई, या फरशीवरच्या नक्षीत सममिती किती?"

"वा," बाई म्हणाल्या आणि खाली वाकल्या. "तुला कधीपासून एवढी गोडी लागली गं?"

"मोठी झाले, बाई."

कॅथेड्रलच्या चौकात पाट नव्हता. तिथे सॉसेजच्या गाडीवर एक लाल दाढीवाला प्रत्येकाला विचारत होता, "कांदा घालून की बिनकांद्याचं?"

"सॉसेज नको. पाव आणि नुसता कांदा," युनुस म्हणाला.

"हे नवीनच," दाढीवाला म्हणाला.

बाईंना त्याने काही न विचारता बिनकांद्याचं दिलं. मग त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "कोरडे?"

"अजून तरी," बाई म्हणाल्या.

लेनार्टने युनुसला कोपर मारलं. "हा इथलाच आहे. आणि दात बघ कसे काढतोय. चल, हलव बाईंना."

"अरे, खाऊ तरी द्या," बाई म्हणाल्या. पण तोवर वर्ग त्यांना घेऊन अर्धा चौक ओलांडून गेला होता.

घात मोठ्या रस्त्यावर झाला. मागून ट्रामची घंटा वाजली, बाई दचकून बाजूला झाल्या आणि त्यांची टाच पाटावर अधांतरी गेली. लेनार्ट पुढे होता. रोझालीच्या हातात आइस्क्रीम होतं.

युनुसने झेप घेतली. तो पाटात लांबच्या लांब पालथा पडला आणि बाईंचा बूट त्याच्या पाठीवर टेकला. पूर्ण कोरडा.

"अरे देवा. लागलं का रे तुला?" बाई खाली उतरून म्हणाल्या.

"नाही, बाई." त्याने तोंडातलं पाणी थुंकलं. "मी मुद्दाम पडलोय. सगळ्यांनी बघितलंय ना? हे धरत नाहीत."

"घाबरू नकोस," रोझाली म्हणाली. "तुला बघून पाटच नाही म्हणेल."

संध्याकाळी बस निघायच्या आधी लेनार्टने शेवटची पाहणी केली. युनुस टॉवेल गुंडाळून कुडकुडत होता. बाई कोरड्या होत्या. लेनार्ट सीटवर रेलला. इतकं चोख काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

बाईंनी बूट काढले, मोजे चाचपून पाहिले, आणि ड्रायव्हरकडून माईक घेतला.

"मुख्याध्यापकांना उद्या सांगेन, पण तुम्हाला आधी," त्या म्हणाल्या. "तो मघाचा सॉसेजवाला कधीपासून मला लग्नाचं विचारतोय. मी पडले गणिताची बाई. पाटात पाय पडला म्हणून लग्न झालं असं कुणी म्हटलेलं मला चालणार नव्हतं. म्हणून मी त्याला सांगितलं होतं, दिवसभर तुझ्या गावात फिरते. पाय ओला झाला तर विषय संपला. कोरडा राहिला, तर पुढच्या वर्षीपासून मी फ्रायबुर्गची."