एक्स-रेच्या खोलीची खिडकी

"भोक कुठं पाडायचं?" गवंड्याने विचारलं आणि छिन्नी भिंतीला लावली.

एक्स-रे काढणारा माणूस खुर्चीतून ताडकन उठला. सगळं हॉस्पिटल त्याला फोटोवाले म्हणत असे. "हात लावून बघा फक्त! एक्स-रेची भिंत आहे ती. आत शिशाचा पत्रा आहे."

गवंड्याच्या मागून हॉस्पिटलचे व्यवस्थापक साहेब आत आले. साहेबांना एक्स-रेमधलं काही कळत नसे. कळत नाही हेही कळत नसे, त्यामुळे ते कायम प्रसन्न असत.

"फोटोवाले, तुमच्या खोलीत नोंदणीची खिडकी आहे आणि ती बंद ठेवलीय, असं मुख्य कार्यालयाचं म्हणणं आहे."

"इथं कुठं खिडकी? बघा की डोळ्यांनी."

"डोळ्यांचा काय संबंध? तुमचा संगणकच सांगतोय. त्यांनी सगळ्या संगणकांना विचारलं, तुम्ही कोण. हा म्हणाला, मी नोंदणीची खिडकी."

फोटोवाल्यांनी संगणकाकडे पाहिलं. संगणक खोटं बोलला होता आणि ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली तेव्हा कंपनीने तिला अपडेट देणं बंद केलं. तिकिटांच्या आणि नोंदणीच्या खिडक्यांवरची यंत्रं त्याच सिस्टीमवर चालत. तेवढ्यांना मात्र अपडेट देणं चालू ठेवलं. फोटोवाल्यांनी संगणकात एक ओळ बदलली. तेव्हापासून तो कंपनीला सांगे की मी खिडकीवर असतो, आणि कंपनी बिनबोभाट अपडेट धाडी. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याच्या लायकीचं या इमारतीत कुणी आहे, असं त्यांना वाटत नसे.

"चुकला असेल तो," ते म्हणाले.

साहेबांचा चेहरा खुलला. "म्हणजे तो खिडकीचा नाहीच? अपडेट बंद पडलेला साधा जुना संगणक? मग तर सोपं आहे. नियमाप्रमाणे आजच भंगारात. बोला, काय कळवू?"

एक्स-रेचं यंत्र त्या संगणकाखेरीज कुणाचंच ऐकत नसे. तो गेला की यंत्रही गेलं. नवं यंत्र साहेब पुढच्या वर्षी मागवणार होते. ते पुढचं वर्ष दरवर्षी पुढे जात होतं.

दाराबाहेर स्ट्रेचरवर एक आजोबा कण्हत होते. घसरून पडले होते. स्ट्रेचर ढकलत आणणाऱ्या मावशी पदराने त्यांना वारा घालत होत्या. त्यांनी दारातून डोकं घातलं.

"भांडा हो सावकाश. पण आधी यांचा खुबा बघा, मग भांडा."

फोटोवाल्यांनी आजोबांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. एवढ्या मूर्ख माणसापुढे मान तुकवायची म्हणजे मान असून उपयोग काय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. साहेबांना ते वाचता आलं नाही.

"खिडकीचाच आहे तो," फोटोवाले म्हणाले. "फोडा भिंत. पण शिसं निघालं की किरण पलीकडे जाणार. पलीकडे तुमची केबिन आहे."

"थांब रे!" साहेबांनी गवंड्याचा हातच धरला. मग ते हिरमुसले. "पण खिडकी तर दाखवायला हवी. आजच्या आज फोटो पाठवायचाय."

"खिडकीची चौकट आणलीय की गवंड्याने," मावशी म्हणाल्या. "ठेवा टेबलावर उभी. झाली खिडकी."

मावशींनी थट्टा केली होती. साहेबांना ती योजना वाटली.

बाहेरच्या मोकळ्या जागेत टेबल आलं. गवंड्याने त्यावर लाकडी चौकट उभी केली आणि तिला विटांचा टेकू दिला.

"बसा," साहेब म्हणाले.

"मी? मी नंबर वाटू?"

"खिडकी तुमच्या संगणकाची आहे ना? की नाही?"

फोटोवाले बसले. साहेबांनी मोबाइल धरला. "दात काढू नका. खिडकीवर कुणी हसत नाही."

फोटो गेला. मुख्य कार्यालयाचं उत्तरही लगेच आलं, खिडकी सुरू झाल्याबद्दल अभिनंदन. फोटोवाले उठले आणि आजोबांना आत घेऊन गेले. यंत्र घुरघुरलं. जुन्या पडद्यावर खुबा उमटला. हाड मोडलं होतं, आणि कुठं ते स्वच्छ दिसत होतं. "डॉक्टरांना बोलवा," ते मावशींना म्हणाले, आणि बाहेर आले.

बाहेर चौकटीपुढे रांग लागली होती. माणसं नव्या खिडकीसाठी एकमेकांना कोपरं मारत होती.

फोटोवाले पुन्हा बसले. टेबलाच्या दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. भिंत नव्हती, काच नव्हती. तरी जो येई तो कंबरेत वाकून चौकटीत तोंड घाली आणि हळू आवाजात आपलं नाव सांगे.

साहेब हे सगळं त्यांच्या खांद्यामागे उभं राहून समाधानाने बघत होते. एकाएकी त्यांना काहीतरी आठवलं. ते टेबलाला वळसा घालून पुढे गेले, रांगेतल्या पहिल्या बाईला बाजूला सारलं आणि वाकून चौकटीतून म्हणाले,

"फोटोवाले, मधे उठलात तर खिडकी लावून घेत जा."