सात पट्ट्या

सातव्या पट्टीतली फट व्हर्निअरनं मोजली आणि दामिनी ओरडलीच, "बाबा, जुळलं! सातच्या सात जुळल्या!"

जीव भांड्यात पडला पोरीचा. चार वर्षं अमरावतीला बसून तिनं तो प्रोग्राम लिहिला होता. प्लाझ्माचा तप्त झोत लोखंड कापतो तेव्हा फट किती रुंद पडेल, ते आधीच सांगणारा. पण कॉम्प्युटर काय, वाट्टेल ते सांगतो. खऱ्या लोखंडानं हो म्हणायला हवं ना! सरांची अट होती, सात-सात पट्ट्या तीन वेळा कापून पाहा, तिन्ही वेळा जुळलं तरच थिसिसवर सही. दोन वेळा जुळलं होतं, आज तिसरी वेळ. मुदत सोमवारची, तीही वाढवून घेतलेली. आणि लोखंड कापायला अकोल्यात बापाचं वर्कशॉप होतंच.

तिनं कौतुकानं पट्टी उलटी केली. खालच्या कडेला वितळलेल्या लोखंडाचे जाड गोळे लोंबत होते. ठरल्या वेगानं कापलं तर एवढे गोळे? छे!

"बाबा, हे कसे आले? स्पीड बदलला का?"

देवरावनं गॉगल कपाळावर सरकवला. विचारलं की त्याला खोटं बोलता येत नसे.

"पहिली पट्टी कापली, तिची फट कमी भरली. तुह्या कागदावर आकडा लिहेल होता. मंग बटन जरासं कमी केलं. हळू नेलं का फट रुंद पडते."

"पहिली कुठं आहे?"

भंगाराच्या ढिगातून त्यानं ती काढून दिली. तिनं मोजली. पाऊण मिलिमीटर कमी. पाऊण!

मागच्या दोन्ही वेळी बापानं पट्ट्या खालून घासून, चकचकीत करून दिल्या होत्या. तिला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं.

"तेव्हाही असंच?"

देवराव हातमोजे चाचपत राहिला.

"बाबा, काहून केलं असं?"

"तुह्यं चुकून राहिलं होतं. मले पाहवलं नाही."

दामिनी तिथंच, लोखंडाच्या किसात बसली आणि हमसून हमसून रडली. तिचा प्रोग्राम आजवर एकदाही जुळला नव्हता, आणि मधे दोनच दिवस होते.

देवरावनं कोरी पट्टी लावली, कॉम्प्रेसर सुरू केला.

"रडू नको माय. सांग, किती पाहिजे? या वेळेस खालून घासूनबी देतो."