दोन इंच

शिंपीणबाईंनी ठमीच्या कंबरेभोवती टेप फिरवली, आकडा वाचला आणि पुन्हा फिरवली. मग मापांची वही उघडली.

"ताई, दोन महिन्यांपूर्वी चोवीस होती. आज बावीस."

"उंची काढतेय ना," ठमीची आई म्हणाली. "नऊ पूर्ण झाली. स्कर्ट नुसता घसरतो. तेवढी कंबर आत घ्या, म्हणजे झालं."

ठमीने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि एका दमात अर्धी केली. दुकानात आल्यापासून तिसऱ्यांदा.

"जेवते का नीट?"

"राक्षसासारखी! पण अंगी लागेल तर शपथ."

"आणि रात्री?"

आईने आवाज खाली आणला. "एवढी घोडी झाली, पण पुन्हा गादी ओली करायला लागलीय. परवा चांगली रागावले." ठमीने मान खाली घातली.

शिंपीणबाईंनी स्कर्टची घडी घालून तो परत पिशवीत ठेवला.

"हा मी आज शिवणार नाही. समोरच्या दवाखान्यात चला, आत्ता. थेंबभर रक्त घेऊन साखर बघतात."

"साखर? अहो, ती म्हाताऱ्यांना होते!"

"तिला वयाचा दाखला लागत नाही, ताई. माझ्या भाच्याला झाली, तेव्हा त्याच्या तहानेपायी आम्ही महिनाभर उन्हाळ्याला नावं ठेवत बसलो. पोर बेशुद्ध पडलं, तेव्हा आमचे डोळे उघडले." त्यांनी दिवा मालवला आणि ठमीचा हात धरला. आई मागोमाग निघाली.

यंत्रावरचा आकडा बघताच डॉक्टरीणबाईंनी मोठ्या रुग्णालयात फोन लावला.

"वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या. "लगेच निघा. इन्सुलिन सुरू झालं की सावरेल. आणि गादीवरून हिला रागावू नका. ते हिच्या हातात नव्हतं."

आईने ठमीला पोटाशी धरलं.

बारा दिवसांनी दोघी पुन्हा दुकानात आल्या. ठमीच्या गालांवर रंग होता. जेवणाची वेळ झाली, तशी तिने डबा काढला, इन्सुलिनचं पेन काढलं, सदरा जरासा वर केला, पोटात सुई टोचली आणि मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजले. आई नुसती बघत राहिली.

शिंपीणबाईंनी मात्र तोंड फिरवलं होतं.

"अगंबाई! मावशी, दिवसभर सुया हाताळता," ठमी डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "आणि एवढंसं बघवत नाही?"