बाबांचा अबोला

"बाबांची ती सवय मोडायला जाऊ नकोस," नवऱ्याने बजावलं होतं. सुनेने ते हसण्यावारी नेलं.

सवय अशी, की सासऱ्यांना काहीही सांगितलं तरी ते आधी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचे.

"बाबा, दूध उतरवा."

"दूध उतरवायचं."

"दुपटी वाळत घाला."

"दुपटी वाळत घालायची."

उभा जन्म नौदलात रेडिओ ऑपरेटर म्हणून गेलेला. तिथे आलेला संदेश परत म्हटल्याशिवाय तो पोचला असं धरतच नसत. शेजारीण तर त्यांना सरळ पोपट म्हणायची.

एका वादळात बुडत्या जहाजाची क्षीण हाक साऱ्या ताफ्यात एकट्या त्यांनी टिपली होती. त्याचं पदक काचेच्या पेटीत, बाकीच्या दोन पदकांच्या मधोमध.

सुनेचं मात्र डोकं उठायचं. रात्र बाळाने जागवलेली, त्यात दिवसभर हा प्रतिध्वनी. शेवटी ती तडकलीच. "बाबा, हे घर आहे, जहाज नाही! पुरे करा आता!"

त्यांनी पुरे केलं. वर अबोलाही धरला.

स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ नाही. पान वाढलंय म्हटलं तर पेपरातून मान वर नाही. समोर जाऊन उभी राहिली की तेवढी मान डोलवायचे, गोड हसायचे. ते हसू पाहून तर तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"पदकं मिळाली म्हणून एवढा ताठा?" बाहेरगावी असलेल्या नवऱ्यावर ती फोनवरूनच करवादली. "सोमवारपासून मी कामावर. बाळ यांच्या भरवशावर ठेवायचं, आणि हे माझ्याशी बोलायला तयार नाहीत!"

"मग माफी माग ना."

"मागितली की! दारात उभी राहून मागितली. ढिम्म हलले नाहीत. पदकं पुसत बसले."

शनिवारी तिने रंगीत तालीम करून बघायची ठरवली. झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवलं, सासऱ्यांच्या पुढ्यात जाऊन म्हणाली, "कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येते. बाळ रडलं तर घ्या हं."

त्यांनी मान डोलवली.

परतताना जिन्यातच रडणं कानावर आलं. ती धापा टाकत वर पोचली. पोरगी रडून रडून लालबुंद, घसा पार बसलेला. आणि पाळण्याकडे पाठ करून सासरे मधलं पदक फडक्याने घासताहेत.

"बाबा! माझा राग लेकरावर काढता?" ती दारातूनच किंचाळली.

ते घासतच राहिले.

तिची सावली पेटीच्या काचेवर पडली, तेव्हा कुठे वळले. ओठांवर बोट ठेवून खणखणीत आवाजात म्हणाले, "हळू ये गं! गुणाची पोर आहे. मघापासून हूं नाही की चूं नाही."

तुमच्याही घरात कोणी अबोला धरून बसलं असेल, तर आजच एकदा त्यांच्या पाठीमागे उभं राहून हाक मारून बघा.