भिंतीकडे तोंड करून

"तोंड भिंतीकडे, इलाडिओ. आणि मान वळवायची नाही," ग्रिसेल्डाबाईंनी बजावलं. टीमच त्यांची, मग काय बोलणार!

इलाडिओने निमूट खुर्ची फिरवली. बेसबॉलवेड्या सान पेद्रो गावात त्याच्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नव्हता. बॅटच्या आवाजावरून तो फलंदाजाच्या मनगटात किती जोर उरलाय ते सांगायचा. हिवाळी हंगामासाठी टीममध्ये एकच जागा शिल्लक होती आणि करार संपलेले तीन जुने फलंदाज आज तिच्यासाठी येणार होते. त्यातला एक रेमी, त्याचा धाकटा भाऊ. म्हणून तर हा भिंतीचा खटाटोप.

"नावं कळणार नाहीत. पहिला, दुसरा की तिसरा, एवढंच सांगायचं."

"बाई, माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"तुझ्या कानावर आहे रे. काळजावर नाही."

खोटं नव्हतं ते. आई गेल्यावर रेमीला त्यानंच लहानाचा मोठा केला होता. आता गुडघे बोलायला लागले तरी पठ्ठ्याचा हट्ट सुटत नव्हता. "दादा, एकच हंगाम. मग गप घरी बसतो," असं महिनाभर चाललं होतं. काल जेवताना मात्र तो भलतंच बोलत बसला.

"इतकी वर्षं माझ्याबरोबर खेळलेल्या बासिलिओला कुणी बोलावलंसुद्धा नाही, दादा. घर चालवायला बिचाऱ्यानं बॅटसुद्धा विकली."

"तू तुझं बघ."

"बरं. उद्या आपल्या बॅटचा आवाज ओळखशील ना?"

"झोपेतसुद्धा," इलाडिओ म्हणाला.

आज मैदानावर पहिल्याचे फटके पोकळ निघाले. मनगटात जीवच नव्हता.

"चेंडू कोण टाकतंय?" इलाडिओने विचारलं.

"नेहमीचा आजारी आहे. मिळाला त्याला उभा केलाय."

"बाळाला भरवावं तसा टाकतोय की!"

"तू फक्त बॅट ऐक," बाई म्हणाल्या.

दुसरा आला आणि इलाडिओच्या अंगावर काटा उभा राहिला. तोच जाड, भरलेला आवाज! साखर कारखान्यात सुतार असलेल्या त्यांच्या बापानं स्वतः तासलेली बॅट. रेमी तिला कुणाला हात लावू देत नसे. आज तर तो असा खेळत होता, जणू गुडघे कधी दुखलेच नाहीत. इलाडिओचे डोळे भरून आले.

तिसराही तोडीस तोड होता. इलाडिओने मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

"दुसरा," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

"मग वळ आता."

तो वळला. बापाची बॅट छातीशी धरून बासिलिओ लहान पोरासारखा रडत होता. आणि समोर चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, गुडघ्याला पट्टा बांधून, रेमी दादाकडे बघून हसत होता.